रेघ मारलेले पान

मागच्या डिसेंबरात, कारखान्यात महिनाअखेरचे हिशेब जुळवत बसले असताना, मोबाइलवर बँकेचा एक संदेश आला. माझे एक क्रेडिट कार्ड वर्षभराहून अधिक काळ वापरलेले नाही, ते चालू ठेवायचे असल्यास तसे कळवावे, तीस दिवसांत काही कळवले नाही तर कार्डाचे खाते बंद करण्यात येईल, असा त्याचा मजकूर होता. असे संदेश आपण अंगठ्याने वर सरकवतो आणि पुढच्या कामाला लागतो. मी मात्र तो दोनदा वाचला, आणि त्या दिवशी सुताच्या बिलांची बेरीज मला तीन वेळा करावी लागली.

हा संदेश काही बँकेच्या मर्जीने आलेला नव्हता. रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांविषयी २०२२ साली जे निर्देश काढले, आणि जे त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झाले, त्यांतच ही तरतूद आहे. वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरात नसेल तर ग्राहकाला तसे कळवायचे, त्याच्याकडून तीस दिवसांत उत्तर आले नाही तर सगळी देणी चुकती असल्याची खात्री करून खाते बंद करायचे. म्हणजे मी गप्प बसले असते तरी निर्णय होणारच होता. मला तेच नको होते. सोळा वर्षे माझ्या नावाने चाललेले एक खाते नुसत्या मौनाने संपावे, हे मनाला पटेना.

घरी आल्यावर कपाटातली पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, अम्माचे विडी कामगाराचे ओळखपत्र, आणि त्याखाली रुमालात गुंडाळलेले ते कार्ड. पुढचे उठावाचे आकडे झिजून गुळगुळीत झाले होते. मागच्या पांढऱ्या पट्टीवर माझी सही होती, पूर्ण नावाची, एकेक अक्षर जपून काढलेली. हे कार्ड काही पहिले नव्हते, मुदत संपली की त्याच खात्यावर नवे येत गेले, पण प्रत्येक कार्डावर मी सही तशीच केली. आता मी इतकी सावकाश सही कुठेच करत नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याचे हिशेब लिहिते. आमच्या घरी तेलुगू बोलतात, शहराच्या पूर्व भागातल्या बहुतेक पद्मशाली विणकरांच्या घरांत बोलतात, पण हिशेब मात्र आमचा सगळा मराठीत. वडील यंत्रमागावर कामाला होते. मालकाकडून उचल घ्यायची, ती आठवड्याच्या पगारातून फिटत राहायची, फिटत आली की सणावाराला पुन्हा घ्यायची. वीज गेली की माग बंद आणि मजुरीही बंद. अम्मा विड्या वळायची. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू आणायचा, पाने भिजवायची, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून त्या मापाने कात्रीने कापायची, आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचे. हजार विड्यांची मजुरी ठरलेली असे, आणि त्यांतल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत. मी शाळेतून आले की तिच्याशेजारी बसून विड्यांची तोंडे बंद करायचे.

किराणा आमचा साखर पेठेजवळच्या एका दुकानातून यायचा. त्या शेठजींच्या लाल वहीत आमच्या घरासाठी एक पान होते, आणि त्या पानाच्या माथ्यावर वडिलांचे नाव होते. उधारी फेडायची कोणी, तर बहुतेक वेळा अम्मा. विड्यांची मजुरी हातात आली की ती थेट दुकानात जायची, रक्कम मोजून द्यायची, शेठजी ती जमा लिहायचे, वडिलांच्या नावापुढे. यात कोणाला काही खटकत नव्हते, अम्मालाही नाही. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही सुरू झाली, आणि आमच्याकडे त्या दिवशी एक पैसाही बाकी नसला, तरी शेठजी नव्या वहीत आमचे पान घालायचे. पान असणे म्हणजे या घराला उधार मिळते, हे घर पैसे बुडवत नाही, याची ती खूण होती.

वडील गेले तेव्हा मी दहावीत होते. तेराव्यानंतर अम्मा मला घेऊन त्या दुकानात गेली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मला पान वाचून दाखवायला सांगितले. तीनशे बारा रुपये बाकी निघत होती. तिने पदराच्या गाठीतून पैसे काढून मोजले. शेठजी म्हणाले, ‘राहू द्या अम्मा, सवडीने द्या.’ ती ऐकेना. पैसे जमा लिहून झाल्यावर त्यांनी बहुधा पान काढून टाकण्यासाठी वही हातात घेतली असावी, कारण अम्मा पटकन म्हणाली, ‘पान फाडू नका शेठ. रेघ मारा.’ त्यांनी पट्टी घेऊन पानावर तिरकी रेघ ओढली आणि खाली लिहिले, ‘खाते बेबाक’, म्हणजे आता काही देणे उरले नाही. मी ते तिला वाचून दाखवले. ती अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, २००९ साली बँकेने मला क्रेडिट कार्ड दिले तेव्हा आमच्या घरातल्या एखाद्या बाईच्या नावाने पहिल्यांदा कोणीतरी पत मांडली होती. माझा पगार, माझी सही, माझे नाव. मर्यादा सुरुवातीला पंधरा हजारांची होती, ती वाढत वाढत साठ हजारांवर गेली. नव्या पेठेतल्या दुकानात पहिल्यांदा ते कार्ड यंत्रातून फिरवले आणि पातळ कागदाच्या चिठ्ठीवर सही केली, ती चिठ्ठी मी कितीतरी वर्षे जपून ठेवली होती. त्यावरची शाई हळूहळू उडून गेली आणि शेवटी कोरा कागद उरला.

त्या कार्डाचे खरे मोल मला कळले ते २०१३ साली. अम्माला रात्री अचानक पोटात दुखू लागले, रुग्णालयात नेल्यावर ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टर म्हणाले, आणि अनामत म्हणून चाळीस हजार भरायचे होते. रात्रीचा दीड वाजला होता. यूपीआय तेव्हा नव्हते, ते आले २०१६ साली. एटीएममधून एका दिवसात निघणारी रक्कम अपुरी होती, आणि माझ्या बचत खात्यात तेवढे होतेही कुठे. खिडकीतल्या मुलाने कार्ड घेतले, यंत्राने क्षणभर विचार केल्यासारखे केले, आणि चिठ्ठी बाहेर आली. त्या क्षणी त्या प्लास्टिकच्या तुकड्याविषयी मला जी कृतज्ञता वाटली, ती मी आजही नाकारणार नाही.

त्यानंतरचे पाच महिने मात्र जड गेले. बिल आले, त्यावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून दोन हजारांच्या आसपासचा आकडा होता. मी दहा हजार भरले आणि समाधानात राहिले. उरलेल्या तीस हजारांवर व्याज लागेल हे माहीत होते, पण ते खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते, आणि बिल पूर्ण न भरल्यामुळे पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे मला दुसरे बिल हातात पडल्यावर उमगले. महिन्याला तीन टक्क्यांहून जास्त हा दर लहान दिसतो. वर्षाचा हिशेब मांडला की तो चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्या मला हे आधी कळायला हवे होते, याचे वाईट वाटले. अम्माच्या उपचाराचे एकूण पैसे आणि त्यावर भरलेले व्याज मी एका वहीत वेगवेगळे लिहून ठेवले आहे. तेव्हापासून प्रत्येक बिल पूर्ण भरायचे, हा घरातला नियम झाला.

मग कार्ड वापरातून कसे गेले? सावकाश, आपोआप गेले. २०१९ साली पगाराच्या बँकेने दुसरे कार्ड दिले, वीज आणि गॅस त्यावर गेले, भाजी आणि दूध यूपीआयवर गेले. जुन्या कार्डाला वर्षाचे शुल्क होते, पाचशे रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर, मिळून ५९०. वर्षभरात ठरावीक खरेदी झाली की ते माफ होत असे, म्हणून ते भरावे लागते याचाच मला विसर पडला होता. दोन वर्षांपूर्वी खरेदी कमी पडली आणि शुल्क लागले. बिल गेले माझ्या जुन्या ईमेलवर, जो मी उघडत नव्हते. मोबाइलवरचे संदेश कर्ज घ्या, विमा घ्या या गर्दीत बुडाले. ५९० रुपयांवर विलंब शुल्क चढले, व्याज चढले, आणि त्यांच्यावर पुन्हा कर चढला.

मला हे कळले ते फोनवरून. कारखान्यात मालक शेजारी उभे होते, चादरींच्या गठ्ठ्यांचे चलन तपासत होतो, आणि फोनवरचा माणूस मोठ्या आवाजात म्हणाला, ‘मॅडम, तुमची थकबाकी आहे.’ तो शब्द मालकांनीही ऐकला. ते काही बोलले नाहीत, चलन वाचत राहिले. मी त्याच संध्याकाळी सगळे पैसे भरले, पुढच्या वर्षीचे शुल्क तर बिल येताच भरले, पण तो शब्द कानातून गेला नाही. आमच्या धंद्यात हा शब्द फार भारी आहे. सोलापुरात सूत उधारीवर येते, माल उधारीवर जातो. नव्या कारखानदाराला सूत द्यायच्या आधी व्यापारी चार ठिकाणी एकच प्रश्न विचारतो, ‘पार्टी कशी आहे?’ उत्तरात कोणी क्षणभर थांबले, तरी त्या कारखानदाराचे काम अवघड होते.

डिसेंबरातल्या त्या संदेशानंतर मी माझा पत अहवाल मागवला. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या पत माहिती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो कितीजण मागवतात कोण जाणे, पण मागवावा. त्यातला पत गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो, आणि सगळे त्या एका आकड्याकडेच बघतात. मी त्याखालचा तक्ता बघितला. प्रत्येक खात्यापुढे महिन्याचा एक चौकोन, आणि चौकोनात हप्ता किती दिवस थकला तो आकडा. जुन्या कार्डापुढे ओळीने शून्ये होती, ०००, ०००, ०००, आणि मधल्या एका चौकोनात ०३७. न वापरलेल्या कार्डाचे ५९० रुपये, सदतीस दिवस. अम्मा शेजारी असती तर म्हणाली असती, खराब विडी बाजूला निघाली. ती पलीकडच्या खोलीतच झोपली होती, पण तिला हे मी तेव्हा सांगितले नाही.

आता प्रश्न खरोखर अवघड होता, कारण माझी मुलगी पुढच्या वर्षी पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याला जायचे म्हणते आहे. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावे लागेल, सहकर्जदार म्हणून माझी सही लागेल, आणि माझी पत तपासली जाईल. माहीतगार लोक सांगतात की जुने कार्ड बंद करू नये. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. दोन्ही कार्डांची मिळून मर्यादा दीड लाख होती, साठ हजार जुन्याची आणि नव्वद हजार नव्याची. महिन्याला मी साधारण सत्तावीस हजार कार्डावर खर्च करते, म्हणजे एकूण मर्यादेच्या अठरा टक्के. जुने कार्ड गेले की तेच सत्तावीस हजार नव्वद हजारांतले होतात, सरळ तीस टक्के, आणि तीस टक्क्यांच्या आत राहावे असे सगळे बजावतात. शिवाय सगळ्यांत जुने चालू खाते तेच, त्यामुळे पत-इतिहासाचे वय कमी भरेल अशीही भीती. गुणांकाचे नेमके सूत्र या कंपन्या कोणाला सांगत नाहीत, म्हणून भीती थोडी जास्तच वाटते.

पण मी वही घेऊन बसले तेव्हा त्या भीतीचे आकारमान कमी झाले. पहिली अडचण सोपी निघाली. बिल तयार होण्याच्या तारखेआधी निम्मी रक्कम भरून टाकली, तर बिलावर बाकीच तेरा-चौदा हजारांची राहते. पगार महिन्याच्या सुरुवातीला येतो, बिल दहा तारखेला तयार होते, मला ते जमण्यासारखे आहे. दुसऱ्या अडचणीचे उत्तर अहवालातच होते. बंद झालेले खाते अहवालातून त्याच दिवशी पुसले जात नाही. ते पुढे कित्येक वर्षे तिथे राहते, उघडल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख आणि फेडीची ओळ यांच्यासकट. २००९ ची ती तारीख आणि ती शून्ये माझीच राहणार होती. आणि रात्री दीड वाजता लागणाऱ्या पैशांसाठी आता घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा आहे, दुसरे कार्ड आहे, आणि बँकेत पन्नास हजारांची एक मुदत ठेव मी याच कामासाठी वेगळी ठेवली आहे, जी मोबाइलवरून मोडता येते.

मग ठेवायच्या बाजूला काय उरले? माया उरली. ती लहान गोष्ट नाही, आणि मी तिला दोन-तीन दिवस पूर्ण मान दिला. पण माया असलेल्या गोष्टीकडे आपण लक्षही देतो, आणि या कार्डाकडे माझे लक्ष उरले नव्हते, हे ०३७ या आकड्याने दाखवून दिले होते. शेठजींच्या वहीतले आमचे पान वर्षभर कोरे राहिले तरी चालत होते, कारण त्यावर शेठजींची नजर होती आणि अम्माची होती, आणि कोऱ्या पानाचे कोणी पैसे मागत नव्हते. उघडे कार्ड कोरे राहत नाही. त्याला शुल्क लागते, त्याचे बिल निघते, त्याचा आकडा कुठून तरी चोराच्या हाती लागू शकतो. आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार मी ॲपमधून बंद करून ठेवले होते हे खरे, तरी महिन्यातून एकदा जाऊन बघणे आलेच. मुलीच्या कर्जाचा अर्ज बँकेत पडलेला असताना आणखी एक चुकलेले शुल्क निघाले असते, तर ते तीस टक्क्यांच्या त्या काट्यापेक्षा फार महागात पडले असते.

म्हणून मुदत संपायची वाट न बघता मी स्वतःच बंद करण्याची विनंती केली. आधी कार्डावर उरलेले बक्षीस-गुण वापरून वीजबिलातून दोनशे चाळीस रुपये वळते करून घेतले, कार्डावर कुठले आपोआप जाणारे पैसे लावलेले नाहीत ना ते तपासले, आणि शिल्लक शून्य असल्याची खात्री केली. ॲपमध्ये दुवा होता. दुसऱ्या दिवशी बँकेतून एका मुलीचा फोन आला. ती आर्जवाने बोलत होती, या वर्षीचे शुल्क माफ करते म्हणाली, मर्यादा वाढवून देते म्हणाली. मी क्षणभर डळमळले हे खरे. मग तिला म्हणाले, ‘बाई, तुमच्या कार्डाविषयी माझी तक्रार नाही. त्याने माझ्या आईचा जीव वाचवायला मदत केली आहे. पण आता ते मी सांभाळू शकत नाही.’ ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, ‘ठीक आहे मॅडम, मी विनंती पुढे पाठवते.’

अशी विनंती आल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे, उशीर केला आणि ग्राहकाचे देणे काही नसेल तर दर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, हेही त्याच निर्देशांत आहे. मला त्याची गरज पडली नाही. पाचव्या दिवशी पत्र आले. मी ते कारखान्यातल्या यंत्रावर छापून घेतले, कारण असे पत्र मोबाइलमध्ये ठेवून चालत नाही.

त्या रविवारी कार्ड कापायला कात्री शोधत होते. घरातली कात्री सापडेना, तेव्हा अम्माने आपल्या जुन्या सुपाखालून तिची विडीची कात्री काढून दिली. हात थरथरतो म्हणून ती आता विड्या वळत नाही, पण कात्रीला अजून धार आहे. मी आधी चिप कापली, मग मागची काळी पट्टी आडवी कापली. माझी सही असलेला तुकडा खाली पडला. अम्माने तो उचलला आणि विचारले, ‘यावर तुझं नाव आहे. मग तिकडं नाव पुसलं का?’

मी तिला लगेच उत्तर दिले नाही. पत माहितीच्या कंपन्यांकडे बँका तेव्हा पंधरा दिवसांनी माहिती पाठवत होत्या, तो नियम २०२५ च्या जानेवारीपासून लागू झाला होता, त्यापूर्वी महिना लागत असे. म्हणून तीन आठवडे थांबून दुसऱ्या एका कंपनीकडून अहवाल मागवला, छापला, आणि तिच्यासमोर जमिनीवर पसरला. सगळ्यांत वर माझे नाव होते. खाली कार्डाची ओळ, उघडल्याची तारीख २००९ ची, शून्यांची रांग, मधला तो एक चौकोन, आणि शेवटी खाते बंद केल्याची तारीख. त्या मधल्या चौकोनाविषयीही मी तिला त्या दिवशी सांगितले.

तिने बोट तिथून हलवून शेवटच्या तारखेवर आणले आणि विचारले, ‘ही रेघ का?’

‘हीच रेघ.’

तिने कागदाची चौघडी केली आणि तो पेटीत तिच्या ओळखपत्राखाली ठेवायला सांगितला.